बास कोणी वाजवायचा, याचा ठराव

बास कुठल्या वाद्यावर वाजवायचा, हे आमच्या मंडळाने हात वर करून ठरवलं. सात विरुद्ध एक. मिनिट बुकात तसा ठराव आहे, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्यांसकट, आणि त्याखाली 'चहापानानंतर सभा संपली' असंही आहे. ज्याने तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चसाठी ते संगीत लिहिलं, त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल की आपल्या खर्जाचा निकाल एक दिवस डोंबिवली पूर्वेला, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, कोजागिरीच्या दुधाचा विषय संपल्यावर लागणार आहे. त्या ठरावाची सूचक मी होते.

नव्वदच्या आगेमागे डोंबिवलीला संस्कृतीची भारी खाज होती. नळाला पाणी दिवसाआड, पण दर दोन गल्ल्यांमागे एक मंडळ आणि दर मंडळाला एक अध्यक्ष. आमचं मंडळ मुळात नाट्यसंगीताचं. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ठाण्याच्या एका औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीने त्यांना सहा महिने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. तिथे ते गोळ्यांवर साखरेचा थर कसा चढवायचा ते शिकले असणार, पण परत आले ते बरोक, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपी संगीताचे तज्ज्ञ होऊन. सोबत वीसेक कॅसेट आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. बोलताना ते मधेच डोळे मिटायचे आणि "तिकडे ना..." म्हणून थांबायचे. पुढचं आम्ही समजून घ्यायचं.

"यंदा नाताळच्या आठवड्यात आपण बरोक करायचं," त्यांनी जाहीर केलं. ठाण्याच्या एका जुन्या चर्चच्या कॉयरला त्यांनी आधीच पटवलं होतं. गाणार ते, वाजवणार आम्ही, आणि दोन गाण्यांच्या मधे बोलणार साहेब.

या संगीतात सगळ्यांत खाली बासची एक ओळ असते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच राहते. वरचे थांबतात, ती थांबत नाही, म्हणून तिला कंटिन्युओ म्हणतात. पण ती कुठल्या वाद्याने वाजवायची, हे लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. नुसते सूर, आणि त्यांच्यावर बारीक आकडे. एकाने पट्ट्यांच्या वाद्यावर त्या आकड्यांवरून वरचे स्वर भरायचे आणि दुसऱ्याने चेलोवर म्हणा, डबल बासवर म्हणा, खालची ओळ वाजवत न्यायची. वाद्य कुठलं, ते वाजवणाऱ्यांनी आपल्या अकलेने ठरवायचं. अक्कल गृहीत धरली होती, एवढीच त्या लोकांची चूक.

पहिल्याच सभेत साहेबांच्या पत्नींनी प्रश्न निकालात काढला. "खर्जच हवा ना? मग आपला तानपुरा आहे की!" सगळ्यांना हे इतकं पटलं की पुढच्या रविवारी तालमीला खरंच तानपुरा आला. गाणं सुरू झालं. ते गाणं सा सोडून भटकणारं, दर दोन मात्रांनी घर बदलणारं, आणि तानपुरा आपला सा धरून बसलेला. कॉयरमधल्या एका आजीबाईंनी छातीवर क्रॉस केला. तानपुरावाल्या बाईंना वाटलं त्या रंगल्यात, म्हणून त्यांनी जोर वाढवला.

पट्ट्यांचं वाद्य म्हणजे साहेबांनी आणलेला जपानी कीबोर्ड. त्यात हार्पसिकॉर्ड या त्या काळच्या वाद्याच्या आवाजाचं बटण होतं, आणि त्याच्या शेजारीच डिस्कोचं. तो वाजवायला आमचे पेटीमास्तर. वय सत्तरीच्या घरात, आयुष्यभर गायकांना साथ केलेली. साथ म्हणजे काय, तर गाणारा पुढे आणि पेटी अर्ध्या श्वासाने मागे. गाणाऱ्याच्या पुढे जाणं हा त्यांच्या लेखी अपमान. इथे सगळा प्रकार उलटा. बासने पाऊल टाकायचं, मग त्यावर गाणाऱ्यांनी. मास्तर कॉयरसाठी थांबायचे, कॉयर मास्तरांसाठी थांबायचा. "आधी आपण", "छे छे, आधी आपण" असं करता करता गाणं मंद होत होत एका ठिकाणी बंदच पडलं. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, "विलंबित छान जमतंय."

मी चेलो वाजवायचे. डोंबिवलीत हे सांगितलं की लोक आधी विचारत, चेलो म्हणजे काय, आणि व्हायोलिनची बसून वाजवायची मोठी बहीण असं सांगितल्यावर विचारत, मग व्हायोलिन का नाही? कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका निवृत्त गोवेकर वादकाकडे मी बारा वर्षं शिकले. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून, आठवड्यातून तीन दिवस. चेलो दोन्ही गुडघ्यांमध्ये धरावा लागतो, यावरून आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी बरीच वर्षं स्वतःची करमणूक करून घेतली. तिशी उलटलेली, लग्न न झालेली आणि असलं वाद्य वाजवणारी मुलगी म्हणजे त्यांना फुकटचा सिनेमा होता. मीही त्यांना काडीची किंमत देत नव्हते. खरं सांगायचं तर मी कोणालाच देत नव्हते. मंडळात मी एकटी शिकलेली, बाकीचे हौशे-गवशे, असं मी मनात धरून होते. आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

तालमी चार-पाच झाल्या आणि साहेबांनी कॅसेट ऐकून शोध लावला की तिकडच्या बासला जी भारदस्त घरघर असते ती आपल्याकडे नाही. "एक डबल बास हवाच," ते म्हणाले. कोणीतरी सांगितलं, ठाकुर्लीला एक काका आहेत, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे. हल्ली रिकामे असतात. सिंथेसायझर आल्यापासून स्टुडिओतून तारांची वाद्यं कमीच झाली होती. एका माणसाने एका बोटाने वाजवायचं आणि तीस माणसांनी घरी बसायचं.

साहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो. रुळांपलीकडची चाळ. दारात काकू मासे साफ करत बसल्या होत्या. त्या मार्केटात म्हावरं विकत. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि सर्दी झाल्यासारखं केलं. खोलीत निम्मी जागा डबल बासने अडवलेली. माणसाहून उंच, कोपऱ्याला टेकवलेला, आणि त्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. काका कल्याणच्या खाडीकाठचे कोळी. लहानपणी लग्नाच्या बँडमध्ये मोठं पितळी भोंगाट वाद्य वाजवायचे, मागच्या रांगेत. तिथून कोणीतरी त्यांना स्टुडिओत नेलं आणि हातात डबल बास दिला. तिथेही जागा मागचीच.

बँडवाला, हे ऐकल्याबरोबर मी त्यांच्याबद्दलचं मत बनवून टाकलं. तिकडची स्वरलिपी त्यांना यायची, पण ते पटकन वाचता यावं म्हणून सगळं देवनागरीत सारेगम करून घ्यायचे, तेही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. अमक्याचा चिरंजीव, तमकीची ज्येष्ठ कन्या, आणि मागे बास. मला हसू आवरेना.

आम्ही बसलो असताना शेजारच्या घरात रेडिओ लागला होता. जुनं गाणं होतं. काकांनी बोट वर केलं. "हा. हा बघा, आता मी. आत्ता खाली आलो."

मला ऐकू येत होतं. साहेबांना येत नव्हतं, पण त्यांनी डोळे मिटले. काकू सुरीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "तीस वर्सां ह्येच सांगतान. हा मी, हा मी. मना तं गानारीनच आयकाला येते."

"अगं, आम्ही खाली असतो ना."

"खाली असतान तं वर कवा येनार?"

काका हसले. पण निघताना ते साहेबांना पुढे जाऊ देऊन माझ्यापाशी थांबले. त्यांनी गाण्यांची पानं तेवढ्यात चाळली होती. म्हणाले, "ताई, ह्यात ते एकटीचं गाणं आहे ना, तिथे बाकी सगळे गप्प आहेत. गाणारी, पेटी आणि बास, बस. तेवढं मला द्या. बाकी तुम्ही म्हणाल तसं. हिला एकदा ऐकवायचंय. आता परत कोण बोलावणार मला?"

"बघू," मी म्हटलं. ते एकटीचं गाणं तोवर माझ्या चेलोचं होतं.

पुढच्या रविवारी काका डेकोरेटरच्या टेम्पोत मंडपाच्या बांबूंशेजारी बास घालून आले. मंडळातल्या लोकांनी त्या वाद्याभोवती प्रदक्षिणा घातली. कोणीतरी त्याला कपाट म्हणालं. साहेबांच्या पत्नींनी खिडकी उघडली आणि "इथे कोंदट होतं नै?" असं कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाल्या. काकांनी दोन्ही हात साबणाने धुतले होते, मी पाहिलं होतं. पण आमच्या लोकांना वास यायचाच होता, तर त्याला साबण काय करणार. मला त्या बाईची किळस आली. माझी आली नाही, ती यायला वेळ होता.

ते एकटीचं गाणं गायला कॉयरमधली एक तरुण नर्स होती. सगळ्या गोतावळ्यात खरा गळा तेवढा तिचाच. त्या दिवशी ती म्हणाली, "काकांबरोबर एकदा म्हणून बघू का?" मी चेलो बाजूला ठेवला. मोठेपणाने ठेवला, हेही सांगते, कारण मला खात्री होती की फजिती होणार. एवढं जड वाद्य, एवढं नाजूक गाणं.

काकांनी लग्नपत्रिका स्टँडवर लावली आणि सुरुवात केली. हळू. इतकं हळू की पंख्याचा आवाज ऐकू यावा. तिने श्वास घेतला की ते गज थोडा उचलायचे, ती सूर सोडायची तिथे ते खालून तो अलगद घ्यायचे. तिच्याकडे न बघता. मास्तरसुद्धा वेळेवर आले, कारण आता पाऊल ठेवायला खाली जमीन होती. गाणं संपलं तेव्हा ती मुलगी हसली. "माझा दम पुरला," ती म्हणाली. "दरवेळी त्या लांब जागेला पुरत नाही. आज पुरला."

दरवेळी तिथे मी असायचे.

मी बारा वर्षं शिकले होते. एका सुरासाठी बोटांची कातडी जाईपर्यंत घासलं होतं. आणि हा बँडमधून आलेला माणूस पत्रिकेच्या पाठीवरून वाचत माझ्याहून चांगलं वाजवून गेला. हे मला कळलं, कारण कळण्याइतकी मी शिकले होते. बाकी कोणाला कळलं नाही. "जरा जाड वाटतं नै?" कोणीतरी म्हणालं. साहेब म्हणाले, "प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. तिकडे कसं करतात ते बघावं लागेल. पुस्तकात असेल." आणि पुस्तक माझ्या हातात दिलं, कारण मंडळात इंग्रजी वाचायचा कंटाळा नसलेली मी एकटी. घरी जाऊन उघडलं तर निम्म्याहून जास्त पानांच्या कडा अजून कोऱ्या करकरीत, एकमेकांना चिकटलेल्या. तज्ज्ञांनी पुस्तकाला कधी त्रास दिला नव्हता.

बासची वाद्यं कशी निवडावीत यावर त्यात एक प्रकरण होतं. एका पानावर सरळ लिहिलं होतं, की सगळे मिळून गातात तेव्हा डबल बास घ्यावा, तो खालून भार देतो. एकट्या आवाजामागे मात्र चेलो पुरे. मी ते दोनदा वाचलं आणि मला फार बरं वाटलं. मग पान उलटलं. मागच्या बाजूला त्याच लेखकाने लिहिलं होतं, की हा नियम समजू नये. पुष्कळ ठिकाणी मोठ्या बासनेच एकट्या गाण्याला साथ केलेली आहे. गाणाऱ्याला जे सोसेल आणि कानाला जे पटेल ते घ्यावं.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, "मॅडम, पाठपोट काढायचं?"

"नको," मी म्हटलं. "एकच बाजू. आठ कॉपी."

त्याने काढल्या. मग मी त्याला मागच्या बाजूची एक कॉपी काढायला सांगितली, एकच, माझ्यासाठी. का सांगितली ते मला आजही धड सांगता येत नाही. चोराने पावती घेऊन ठेवावी असा तो प्रकार होता. पान घडी करून मी चेलोच्या खोळीच्या खिशात टाकलं आणि पुस्तक साहेबांना परत केलं. ते पुन्हा उघडलं जाण्याची भीती नव्हती.

सभेत प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स. छापील, इंग्रजी, तिकडचं. आमच्या लोकांना एवढं बस होतं. दोघांनी कागद उलटा धरला होता. काका मंडळाचे सभासद नाहीत म्हणून बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते, मांडीवर त्या पत्रिका घेऊन. मी ठराव मांडला: एकल गीतास चेलो, समूहगीतांस डबल बास, ग्रंथाधारे. साहेबांनी अनुमोदन दिलं. 'ग्रंथाधारे' हा शब्द त्यांना फारच आवडला.

विरोधात एकटे पेटीमास्तर. ज्यांच्या त्या अर्ध्या श्वासाला मी महिनाभर हसले होते, ते उभे राहून म्हणाले, "पुस्तकाचं मला कळत नाही. पण आमच्यात साथीला कोण घ्यायचा ते गाणाऱ्याला विचारतात. त्या मुलीला विचारलंत का?"

"मास्तर, हे आपलं भजन नाही," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. ती मुलगी सभासद नव्हती. तिला कोणी विचारलं नाही. हात वर झाले, सेक्रेटरीने मोजले आणि चहा आला.

व्हरांड्यात जाऊन काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हातात घेतला नाही.

"पुस्तकात आहे?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले. थोडा वेळ पत्रिका सारख्या करत बसले. "हिला मी सांगून बसलोय पण."

"अहो, बाकी सगळीकडे आहातच की तुम्ही. सगळे गातात तेव्हा."

"हां, ते आहेच," काका म्हणाले.

त्यांनी मागचं पान आहे का असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्यांनी विचारलं नाही. आयुष्यभर कोणीतरी हातात कागद दिला आणि त्यांनी तो वाजवला. एवढ्या सरळ माणसाला फसवायला काही डोकं लागत नाही. मला मात्र त्या दिवशी स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटत होतं.

कार्यक्रम ठाण्याला चर्चच्या हॉलमध्ये झाला. संध्याकाळी साहेबांचे कंपनीतले लोक आले, बायकांच्या अंगावर सिल्क आणि चेहऱ्यावर परदेशी संगीत ऐकण्याची तयारी. पहिली रांग त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. काकू त्याआधीच येऊन तिच्यात मधोमध बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, गळ्यात सोनं, अंबाड्यावर अबोलीचा भरगच्च गजरा. त्या दिवशी त्यांनी मार्केटातली जागा शेजारणीला दिली होती. मंडळाचा कार्यकर्ता त्यांना उठवायला गेला, तशा म्हणाल्या, "माजा मानूस वाजवनार हाय. मी हितंच बसनार." आवाज मार्केटातला. कंपनीच्या दोन बायका दोन खुर्च्या सोडून बसल्या. मला त्यांच्या त्या सोडलेल्या खुर्च्यांचा संताप आला, आणि संताप येतो आहे म्हणजे आपण त्यांच्यातले नाही, असं मी स्वतःला समजावलं.

साहेबांनी भाषण केलं. बरोक म्हणजे काय, तिकडची थंडी, तिकडची शिस्त. भाषणासाठी जे उंच लाकडी टेबल आणलं होतं ते नंतर हलवायला कोणाला सुचलं नाही. ते तसंच राहिलं, बरोबर काकांच्या पुढे. हॉलमधून त्यांचा चेहरा दिसायचा, बासची मान दिसायची आणि तिच्यावरचा त्यांचा डावा हात. गज धरायचा उजवा हात टेबलाआड. मी त्यांच्या पुढे, डाव्या अंगाला, खुर्चीवर बसलेली.

समूहगान बरं झालं. मास्तरांच्या बोटाचा धक्का एकदाच डिस्कोच्या बटणाला लागला, आणि साहेबांच्या पाहुण्यांनी तिथे टाळ्या वाजवल्या. मग एकटीचं गाणं आलं.

मी वाजवायला लागले. चांगलं वाजवत होते. खोटी नम्रता कशाला, मी त्या दिवशी खरंच चांगलं वाजवलं. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून मागून एक बारीक आवाज यायला लागला. टक, टक, बोट लाकडावर पडल्यासारखा. माझ्या प्रत्येक सुराबरोबर. मला वाटलं खिडकी. मग कळलं, काका डाव्या हाताने ती सगळी ओळ वाजवत होते. गज खाली सोडलेला, आवाज नाही, नुसती बोटं तारांवर पडत होती. त्यांना ती पाठ होती. लांब जागा आली तिथे मी तिच्या श्वासासाठी थांबले नाही, पण ती बोटं थांबली. तिचा दम तुटला, तिने मधेच श्वास घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्हा तिघांच्या आलं.

टाळ्या झाल्या. सत्कार झाले. साहेबांना शाल, साहेबांच्या पत्नींना शाल.

सगळं पांगल्यावर मी चेलोला खोळ घालत होते. काका शेजारीच बासला त्यांचं ते लुगडं चढवत होते. काकू स्टेजवर आल्या. डोळे पुसले होते, पण पुरते पुसले नव्हते.

"आयकला मी," त्या काकांना म्हणाल्या. "आज आयकला. ती पोरगी एकटी गात व्हती ना, तवा खालशी तुमचा आवाज. केवरा गोर वाजवलाव. तीस वर्सां मी तुमाला खोटा पारत व्हते."

मी खोळीची चेन ओढायची थांबले. काकांनी एक 'हो' म्हटलं असतं की झालं होतं. मीही मान हलवली असती. त्यांच्याकडे मी बघितलं ते त्यासाठीच.

"नाय गो," काका म्हणाले. "तो मी नाय. तो या ताईंचा व्हता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे. "पन बोटां तं तुमची चालत व्हती. मी बगत व्हते."

"बोटां नुसतीच चालवली."

"मंग तुमचा कनचा?"

"सगली गात व्हती ना, तवा. खालशी."

काकू रागावल्या नाहीत.

"म्हंजी नेमीसारखाच," त्या म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी बासचं खालचं टोक उचललं. वरचं काकांनी धरलं. दोघं ते दाराकडे न्यायला लागले, आणि काका जाता जाता मला म्हणाले, "ताई, छान वाजवलंत हो."

मागचं पान तेव्हा माझ्या हाताखाली होतं, खोळीच्या खिशात. मी चेन लावली.